बोआहेनच्या पानावरची ग्रेस

आमच्या बेक्वाई गावात माणूस गेला की पहिलं काम डॉक्टरचं, दुसरं शवागाराचं आणि तिसरं माझं. माझं नाव पोकुआ. पूर्वी मी इथल्या एफएम स्टेशनवर मयताच्या बातम्या वाचायचे. ते स्टेशन बंद पडलं आणि मी स्वतःची वेबसाइट काढली. कोण गेलं, अंत्यविधी कधी, मागे कोण कोण राहिलं, सगळं एका पानावर, फोटोसकट. गावातली अर्धी माणसं आता हॅम्बुर्गला नाहीतर टोरांटोला. त्यांच्यासाठी भिंतींवर पत्रकं चिकटवून काय उपयोग? ती माझ्या साइटवर येतात, रडतात आणि घरच्यांना पैसे पाठवतात.

मला मात्र जाहिराती पोसतात. पानावर मी दोन-तीन जागा मोकळ्या सोडते, आणि परदेशातली एक कंपनी त्या भरते. बाजारात आपल्या टेबलाचा कोपरा दुसऱ्याला भाड्याने द्यावा, त्यातलाच प्रकार. तिथे कोण काय मांडून बसतं ते मी बघत नाही. इंटरनेटचं बिल निघतं, साइटचं वर्षाचं भाडं निघतं, एखाद्या महिन्यात सूपमध्ये मांसाचा तुकडाही जास्तीचा पडतो. गेली काही वर्षं हे बिनबोभाट चाललं होतं, ओपानिन, म्हणजे आमच्यातले वडीलधारे, बोआहेन जाईपर्यंत.

बोआहेन म्हणजे ट्रकवाले बोआहेन. उभा जन्म तामालेच्या रस्त्यावर काढला. जाताना केळी न्यायची, येताना रताळी आणायची. माणूस मऊ होता, हॉर्नसुद्धा हळूच वाजवायचा. बायको मामे आच्या, आणि तीन मुलगे. मी त्यांचं पान मनापासून केलं. वर मोठा फोटो, खाली तिन्ही मुलांचे छोटे गोल फोटो एका ओळीत, प्रत्येकाच्या खाली नाव आणि गाव.

अंत्यविधी शनिवारी होता. बुधवारी सकाळी मला फोन आला. बोआहेनच्या कुळाचे प्रमुख नाना फ्रिम्पॉन्ग बोलत होते.

"पोकुआ, घरी ये. आणि तुझं ते यंत्र घेऊन ये."

"काही चुकलं का, नाना?"

"ते तू आल्यावर ठरवू."

अंगणात पाऊल टाकलं तर सगळे खुर्च्या मांडून बसलेले. मधोमध नाना, एका बाजूला तिघे मुलगे, दुसऱ्या बाजूला मयताची बहीण आंटी बिरागो. या बाईने सुतावरून स्वर्ग गाठण्यात उभी हयात घालवली आहे. मामे आच्या कोपऱ्यातल्या स्टुलावर, माझ्याकडे पाठ करून बसली होती. नेहमी 'काय गं, जेवलीस का' म्हणणारी बाई मान वळवून बघेना.

बिरागोने आपला फोन माझ्या नाकासमोर धरला. "ही कोण?"

पान माझंच होतं. बोआहेनचा फोटो, खाली तिघे मुलगे. आणि त्यांच्या शेजारी, त्याच ओळीत, एक हसरी तरुण मुलगी. खाली लिहिलेलं: 'ग्रेस. सदैव कुटुंबाच्या पाठीशी.'

"मला काय माहीत?" मी म्हटलं. "मी हिला घातलेलं नाही."

"ऐका! पान हिचं, आणि हिला माहीत नाही! बाई, दात बघ तिचे. पुढच्या दोन दातांत फट. आमच्या आईला होती, माझ्या या भावाला, क्वाकूला होती, मलाही आहे." असं म्हणून बिरागोने आपली फट साऱ्या अंगणाला दाखवली. "तामालेच्या रस्त्याला काय काय पिकतं ते मला ठाऊक आहे. सगळीच काही रताळी नसतात."

धाकटा मुलगा उसळला. "आत्या, तोंड सांभाळ!"

"मी का सांभाळू? तुझ्या बापाने सांभाळायला हवं होतं. आणि मुलगी निघालीच आहे, तर बापाच्या पेटीत तिचाही वाटा हवा. पेटी मुलांनी द्यायची असते, मुलांत मुली येतात."

आमच्याकडे बापाची शवपेटी पोटची मुलं देतात, हे खरंच. ही बया त्या फोटोतल्या मुलीकडून लाकडाचे पैसे वसूल करायला निघाली होती. मला हसू यायला हवं होतं, पण तेवढ्यात मामे आच्या बोलली. पाठ तशीच होती.

"शनिवारी मी बसणार नाही, नाना. चाळीस वर्षं त्याच्या ताटात मी वाढलं आणि त्याने मला एवढं सांगितलं नाही. त्याच्या पेटीशेजारी बायको म्हणून मी कुठल्या तोंडाने बसू?"

 विधवा बसली नाही, तर लोक काय समजायचं ते समजतील, आणि ती समजूत बोआहेनबरोबर पुरली जाणार नाही, मागेच राहील.  एवढ्या सरळ माणसाचं शेवटचं पान मी केलं होतं, आणि त्याच पानाने त्याचं घर फोडलं होतं.

"थांबा," मी म्हटलं. "काहीतरी घोटाळा आहे. माझ्याकडे बघा." मी लॅपटॉप उघडून पान नानांसमोर धरलं. बोआहेन, तिघे मुलगे, आणि त्यापुढे कोरी जागा. ग्रेस नव्हती.

मला वाटलं, सुटले. उलट बोंबाबोंब झाली.

"पुसली!" बिरागो ओरडली. "आत्ता आपल्यासमोर पुसली! त्या पोरीने पैसे चारलेत हिला. आधी घालायचे, आता लपवायचे!"

"आंटी, मी कशाला बोटही लावलं नाही."

"मग माझ्या फोनवर अजून कशी? बघा, हसतेय!"

नानांनी चष्मा पुसला, एकदा फोनकडे बघितलं, एकदा लॅपटॉपकडे. "पान एकच आहे ना?"

"एकच, नाना."

"मग हिच्या फोनला जे दिसतं ते तुझ्या यंत्राला का दिसत नाही? त्याला मोतीबिंदू झालाय का?"

आणि तिथेच माझी ट्यूब पेटली. पेटली म्हणजे कशी, कानापर्यंत गरम झाले. दोन वर्षांपूर्वी मी माझ्या लॅपटॉपवर अ‍ॅडब्लॉकर घातला होता. लोकांच्या साइटवरच्या नाचणाऱ्या, ओरडणाऱ्या जाहिराती माझा डेटा खात होत्या, म्हणून. तो पठ्ठ्या इमानदार. त्याने सगळ्या जगाच्या जाहिराती अडवल्या, त्यात माझ्याही. दुसऱ्याच्या दारातला कचरा मला नको होता, आणि स्वतःच्या दारात काय साठलंय ते दोन वर्षं मला दिसलंच नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो हा.

"नाना," मी म्हटलं, "ही मुलगी कुणाचीच नाही. ही जाहिरात आहे."

"मुलगी जाहिरात कशी असेल?" बिरागो म्हणाली.

"विमा कंपनीची. कोपऱ्यात बघ, बारीक अक्षरात लिहिलंय."

"मुंगीने लिहिलंय का ते? मला नाही दिसत."

"बरं. आता बघा हं." मी अ‍ॅडब्लॉकर बंद केला आणि पान पुन्हा उघडलं. बोआहेनच्या तीन मुलांच्या शेजारी एक टकलू, मिशाळ गृहस्थ प्रकटले. हातात पत्र्याचा तुकडा, खाली ओळ: 'तुमच्या डोक्यावरचं छप्पर, ही माझी जबाबदारी.'

नानांनी वाकून बघितलं. "हाही बोआहेनचाच म्हणायचा?"

थोरल्या मुलाला, ओबेंगला, पहिल्यांदा हसू फुटलं. त्याने आपला फोन काढला. त्याच्याकडे त्या जागी प्रेशर कुकर होता. मधल्याकडे टायर. धाकट्याकडे दोन गोऱ्या म्हाताऱ्या हातात हात घालून समुद्रकाठी फिरत होत्या.

"घ्या," ओबेंग म्हणाला, "बाबांनी आईला किती सवती आणल्या ते आता मोजा. आत्या, कुकरला फट आहे का बघ."

अंगण हसायला लागलं. बिरागोसुद्धा हसली असती, पण तिला हरायची सवय नाही. "मग माझ्याकडची घालव," ती फोन पुढे करत म्हणाली, "तेव्हा मानेन."

मी तिच्या फोनवर जाहिराती अडवणारा ब्राउझर टाकला. वेळ लागला, कारण दर दोन मिनिटांनी ती 'माझे फोटो तर जात नाहीत ना' विचारत होती. मग तिलाच पान उघडायला लावलं. बोआहेन आला, मुलगे आले, आणि शेजारची जागा कोरी राहिली. तिने बोटाने ती जागा दोनदा चोळली.

"गेली," ती म्हणाली. मग जराशाने, "दात मात्र आमचेच होते हो."

मी म्हटलं, "नाना, प्रत्येकाला हे करता येतं. फुकट आहे. मी पानाच्या वरच लिहिते, जाहिराती कशा अडवायच्या ते. हॅम्बुर्गवाल्यांनाही कळेल."

नानांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मास्तर शेवटच्या बाकावरच्याकडे बघतात. "पोकुआ, तुझी बकरी आमच्या शेतात शिरते. आणि तू बकरी बांधायची सोडून आम्हाला कुंपण कसं घालायचं ते शिकवतेस?"

"पण नाना, त्या जाहिरातींवरच साइट चालते."

"माईकवाल्याला आपण पैसे देतो. मांडववाल्याला देतो. रडायला ज्या बायका बोलावतो त्यांनाही देतो, आणि त्या तर खोट्या रडतात. तुला कधी कुणी नाही म्हटलं का? तू मागितलेसच नाहीस."

हे मात्र खरं होतं. मला मागायची लाज वाटत होती, आणि त्या लाजेपोटी मी मेलेल्या माणसाच्या पायाशी दुकान लावायला परवानगी दिली होती. तिथेच मांडीवर लॅपटॉप घेऊन मी मयतांच्या सगळ्या पानांवरच्या जाहिराती काढून टाकल्या. बिलं आठवली, खोटं कशाला सांगू. पण काढल्यावर बोआहेनचं पान असं शांत दिसलं, की आधी हे का सुचलं नाही म्हणून माझाच मला राग आला.

मान वर केली तर कोपऱ्यातलं स्टूल रिकामं. मामे आच्या कधी उठून आत गेली, हसण्याच्या नादात कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

मला वाटलं होतं, ती सुटकेचा श्वास टाकेल, नवऱ्याची माफी मागेल, मला दोन शिव्या देईल. मी आत गेले तर ती खाटेच्या कडेवर बसली होती. मांडीवर लाल-काळं नवं कापड, नीट घडी केलेलं. सुतकात घरच्या लेकी नेसतात ते.

"मामे, माझं चुकलं. तुझा नवरा सरळ होता. आता तरी शनिवारी बस."

"बसेन. आता न बसून काय करू?" तिने कापडावरून हात फिरवला. "हे तिच्यासाठी घेतलं होतं."

"कुणासाठी?"

"त्या पोरीसाठी. ग्रेससाठी." ती माझ्याकडे न बघता बोलत होती. "पहिल्या दिवशी मी त्याला एवढ्या शिव्या दिल्या, शवागारात ऐकू गेल्या असतील. मग मनात आलं, भांडण माझं त्याच्याशी आहे. पोरीचा काय दोष? बाप गेलाय तिचाही. ती आली आणि कुणी विचारलं नाही तर मांडवाबाहेर उभी राहील. मी बसणार नव्हते, पोकुआ, पण तिला मी बसवणार होते. ओबेंगच्या शेजारी, नीट, घरच्या कापडात."

मी तिच्याशेजारी खाटेवर बसले.

"तीन मुलगेच झाले मला," ती म्हणाली. "चांगले आहेत. पण मुलगी हवी होती गं मला. इतकी वर्षं कुणाला बोलले नाही. आणि या दोन दिवसांत तर मी तिच्याशी बोलायलाही लागले होते. तिखट चालतं का तुला, केस कोण विंचरतं तुझे. आणि तू आलीस नि एक बटण दाबलंस."

मी रडले. मयताच्या हजारो बातम्या मी वाचल्या, कधी आवाज हलला नाही, आणि जाहिरातीतल्या एका बाईसाठी त्या खोलीत रडले. मामे आच्याने मला रडू दिलं. मग तिने ते कापड उचललं आणि माझ्या मांडीवर ठेवलं.

"हे काय?"

"तूच आणलीस, तूच घालवलीस. आता जागा तूच भर."

"मामे, मी कोण? लोक काय म्हणतील?"

"तुझी आई गेल्यापासून तू दर शनिवारी कुणा ना कुणाच्या मांडवात मागे माईकवाल्यांबरोबर उभी असतेस. मला काय दिसत नाही? कमरेत थोडं घट्ट होईल, ती बारीक होती. शिंप्याकडे जा."

शनिवारी मी गेले. मांडवात माणूस मावत नव्हता, ढोल चालले होते. मामे आच्या काळं नेसून पेटीशेजारी ताठ बसली होती. मुलगे ओळीत बसले होते, आणि धाकट्याच्या शेजारची खुर्ची रिकामी ठेवलेली. बिरागोने मला बघितलं, माझं कापड बघितलं, तोंड उघडलं, आणि मग काय वाटलं कोण जाणे, खुर्चीवरची धूळ आपल्या हाताने पुसली.

माणसं रांगेने हात मिळवत पुढे सरकू लागली, 'दुए, दुए' म्हणत सांत्वन करत. कुमासीहून आलेले बोआहेनचे जुने ट्रकवाले मित्र माझ्यापाशी येऊन अडखळले. त्यांनी मामे आच्याकडे वळून विचारलं, "बोआहेनला तीन मुलगे एवढंच आम्हाला ठाऊक. ही कोण?"

"माझी मुलगी," मामे आच्या म्हणाली.

त्यांनी मान हलवली आणि माझा हात दोन्ही हातांत घेतला.