फुलोबाची हद्द

पुनावळ्यात कुसुमताईंचं घर शोधायचं तर पत्ता विचारायची गरज नव्हती. फुलोबापाशी या म्हटलं की रिक्षावाला बरोबर आणून सोडायचा. घराच्या मागच्या कोपऱ्यात गुडघाभर उंचीचा एक दगड. नखशिखांत शेंदूर, आणि रोज सकाळी डोक्यावर एक ताजं फूल. तोच फुलोबा.

कुसुमताई मूळच्या बीडकडच्या. नवरा ज्योतीराम फोर्जिंगच्या कंपनीत होता. एकतीस वर्षं हातोड्याखाली उभं राहून त्याचे कान गेले. त्याच्याशी बोलायचं तर खांद्याला हात लावून, तोंड समोर आणून बोलावं लागायचं. एरवी माणूस देवमाणूस. त्यांनी शहाण्णव साली दौलतरावांकडून दोन गुंठे घेतले. नुसत्या तोंडी बोलीवर नाही, रीतसर खरेदीखत करून, आणि दोघांची नावं सातबाऱ्यावर चढवून. कुसुमताईंनी ते खरेदीखत तांदळाच्या डब्यात ठेवलं होतं, कारण तिथं वाळवी लागत नाही आणि पाहुणा हात घालत नाही.

आधी पत्र्याची खोली झाली. मग भिंती झाल्या, मग स्लॅब पडला, आणि मग मागच्या बाजूला स्वयंपाकघर काढलं. ते स्वयंपाकघर म्हणजे कुसुमताईंचा जीव. काळा ओटा, एका अंगाला गॅस, दुसऱ्या अंगाला मोरी, आणि उगवतीकडं खिडकी. खिडकीतून आधी सोपानरावांचं ज्वारीचं रान दिसायचं, आता त्यांच्या रानात उभी राहिलेली इमारत दिसते. मागं बाहेर धुण्याचा दगड, त्याच्या शेजारी कढीपत्ता, आणि जरा पलीकडं कोपऱ्यात फुलोबा.

सोपानराव गावातले जुने. रान बिल्डरला दिलं, पण माणूस काही बदलला नव्हता. फटफटी जुनीच, बोलणं जुनंच. सगळा व्यवहार त्यांचा पुतण्या दिग्विजय बघायचा. पोरगा हुशार, वाईट म्हणावा असाही नाही, फक्त घाईत असायचा. इमारतीच्या भोवती आता पक्की भिंत घालायची म्हणून त्यानं सरकारी मोजणी आणली. शेजारधारक म्हणून कुसुमताईंना नोटीस आली. मुलगा नवनाथ चाकणला पहिल्या शिफ्टला होता. त्यानं संध्याकाळी वाचून दाखवली आणि म्हणाला, आई, काही घाबरायचं नाही, आपले कागद पक्के आहेत.

मोजणीला साहेब आले ते काठीवर बसवलेलं यंत्र घेऊन. रस्त्याच्या कडेला गटाचा जुना दगड होता, तिथून त्यांनी सुरुवात केली. ही काठी टेकव, ती काठी टेकव, आणि मागून माणूस पांढऱ्या फक्कीची रेघ ओढत आला. ओढत ओढत तो कुसुमताईंच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला येऊन टेकला आणि थांबला. मग वळसा घालून पलीकडं गेला आणि भिंतीच्या त्या बाजूनं परत रेघ ओढायला लागला.

कुसुमताई आत गेल्या. ओट्यासमोर उभ्या राहिल्या आणि मनातल्या मनात ती रेघ भिंतीतून आत आणली. सरळ ओट्याच्या मधोमध येत होती. गॅस त्यांचा राहत होता आणि मोरी सोपानरावांची होत होती.

साहेबांनी खरेदीखत मागितलं. तांदूळ झटकून कुसुमताईंनी ते दिलं. साहेबांनी चतुःसीमा मोठ्यानं वाचली. चतुःसीमा म्हणजे चारी बाजूंना काय काय आहे त्याची नोंद. पश्चिमेस रस्ता, दक्षिणेस दौलतरावांची राहिलेली जमीन, उत्तरेस ओढा, आणि पूर्वेस हद्दीचा दगड. साहेबांनी विचारलं, पूर्वेचा हद्दीचा दगड कुठंय. कुसुमताईंनी ज्योतीरामाकडं बघितलं, ज्योतीरामानं सोपानरावांकडं, आणि सोपानरावांनी जमिनीकडं. अठ्ठावीस वर्षं कुसुमताई तो कागद जपून होत्या, पण असा दगड नक्की कुठला, हे त्यांना कधी कुणी विचारलंच नव्हतं.

साहेब म्हणाले, येत्या गुरुवारी मी नकाशा पुरा करायला परत येतो. तोवर दगड दाखवला तर तिथून मोजू. नाही दाखवला तर ही रेघ धरावी लागेल.

कुसुमताईंनी वकील गाठला. वकील तरणा होता, चटपटीत होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि एक वाट सांगितली. बारा वर्षांच्या वर तुमची वहिवाट आहे, म्हणाला, तर आपण कब्जाचा दावा टाकू. फक्त त्यात असं लिहावं लागेल की जागा मूळची सोपानरावांची आहे आणि तुम्ही ती इतकी वर्षं उघड उघड दाबून बसलात.

कुसुमताईंनी ते दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाल्या, "साहेब, माझंच घर मी चोरलंय असं मीच लिहून देऊ?"

वकील म्हणाला, ताई, ती फक्त कायद्याची भाषा आहे. कुसुमताई म्हणाल्या, माझी भाषा एकच आहे, मला दुसरी येत नाही. आणि उठल्या.

बाहेर येऊन ज्योतीरामाच्या खांद्याला हात लावून त्यांनी सांगितलं. तो पायरीवर टेकला. मग म्हणाला, "मोरी गेली तर भांडी पुढं अंगणात घासू." त्याला धीर द्यायचा होता, पण कुसुमताई त्या दिवशी पहिल्यांदा रडल्या.

सोमवारी त्यांनी ठरवलं की सोपानरावांच्या आईला भेटायचं. शालनबाई आता पंच्याऐंशीच्या पुढं. इमारतीतला सातव्या मजल्यावरचा फ्लॅट त्यांच्या वाट्याला आला होता आणि त्या दिवसभर बाल्कनीत बसून खाली बघायच्या. कुसुमताई पहिल्यांदा इथं राहायला आल्या तेव्हा बोलायला आलेलं गावातलं पहिलं माणूस म्हणजे ह्या शालनबाई. तेव्हा त्या म्हैस राखत होत्या. त्यांनी मुलाला चार शब्द सांगावेत, एवढ्याच आशेनं कुसुमताई डब्यात शेंगदाण्याची चटणी घेऊन लिफ्टनं वर गेल्या. सोपानराव आतच चहा पीत बसले होते. कुसुमताईंना बघून त्यांनी मान हलवली, बसा म्हणाले, आणि बशीत तोंड घातलं.

कुसुमताईंनी मोजणीचं सांगितलं. रस्त्याच्या दगडापासून रेघ आली, ती ओट्यावर गेली, सगळं. म्हातारी ऐकत होती. मग एकदम म्हणाली, "आन फुलीचा दगड? त्याला तर कुनी धक्का न्हाई ना लावला?"

"फुलोबा आहे की जागेवर, मावशी. रोज फूल वाहते मी."

"फूल? त्याला कशापायी फूल?"

"देवाला फूल नको का वाहायला?"

म्हातारीनं हात कपाळाला लावला. "आगं माझे बाई. फुलाचा न्हवं, फुलीचा. फुली. मोजनीदारानं छन्नीनं काढल्याली." आणि बोटानं हवेत एक आडवी रेघ मारली, एक उभी मारली. "माझ्या सासऱ्याच्या वक्ताला. तुला पहिल्याच दिवशी वराडून सांगितलं व्हतं, त्याच्यावर बसू नगं, त्यो फुलीचा दगड हाय, त्याला हात लावायचा न्हाई. पोरं दसऱ्याला नारळ फोडत्यात, ती मला वाटलं शिवंची पूजा."

कुसुमताईंना तो दिवस लख्ख आठवत होता. पाया खणायचा होता, त्या डबा घेऊन त्या दगडावर टेकल्या होत्या, आणि बांधावरून एक बाई म्हशीमागून ओरडली होती. वारा होता. त्यांच्या माहेरी पाराजवळ असाच फुलं वाहायचा दगड होता, त्यावर कुणी बसत नसे. तेच त्यांच्या कानानं ऐकलं. त्या पटकन उठल्या, दगडाला हात जोडले, आणि संध्याकाळी शेंदूर आणला. पुढच्या वर्षी नवनाथ तापातून उठला तेव्हा नारळ फोडला. मग शेजारणी यायला लागल्या. मग दर दसऱ्याला खुद्द सोपानरावांच्या घरातूनच नारळ यायला लागला, आणि दर वर्षी शेंदराचा थर चढत गेला.

त्यांना हसावं का रडावं कळेना. घरातलं माणूस कानानं गेलेलं, असं त्या नवऱ्याबद्दल जिथं तिथं सांगायच्या.

शालनबाईंना मग उलगडलं की आपण काय बोलून गेलो. त्यांनी मुलाकडं बघितलं. सोपानरावांनी बशी खाली ठेवली, टोपी डोक्यावर ओढली आणि निघून गेले. लिफ्टचं दार बंद झाल्याचं ऐकू आलं.

"पोरगा वाईट न्हाई," म्हातारी म्हणाली. चटणीचा डबा तिनं उघडला नव्हता.

गुरुवार उजाडला. कुसुमताईंनी आंघोळ केली, फूल तोडलं, ते फुलोबाच्या डोक्यावर न ठेवता बाजूला पानावर ठेवलं. वाटीत गोडं तेल घेतलं, उलथनं घेतलं. साहेब आले, दिग्विजय आला, बिल्डरची दोन माणसं आली. सोपानराव सगळ्यांच्या मागं फटफटीला टेकून उभे राहिले. कुसुमताईंनी साहेबांना सांगितलं की हद्दीचा दगड हाच आहे, फुली आत आहे. बिल्डरच्या माणसानं मदत म्हणून छन्नी पुढं केली, ती त्यांनी घेतली नाही. देवाला मीच शेंदूर लावला, म्हणाल्या, काढायचा तर मीच काढीन.

तेल चोळायचं, जरा थांबायचं, उलथन्यानं हलकेच खरवडायचं. थर चांगला चार बोटं जाड. वरचा लालभडक, आतला काळपट, त्याच्याही आत विटकरी. पापुद्रे निघत होते तसे त्या पदरात गोळा करत होत्या, मातीत पडू देत नव्हत्या. ओठ हलत होते. काय बोलत होत्या ते कुणाला ऐकू आलं नाही, पण माफी मागत असाव्यात, असं तोंडावरून वाटत होतं. ज्योतीराम शेजारी वाटी धरून बसला होता.

आधी एक टोक दिसलं. मग आडवी रेघ दिसली. मग उभी. फुली.

साहेब उकिडवे बसले, बोट फिरवून बघितलं, म्हणाले, खूण तर मोजणीचीच आहे. त्यावर दिग्विजय पुढं आला. त्याचं बोलणं तसं रास्त होतं. दगड खरा असेल साहेब, म्हणाला, पण तो मूळच्या जागेवर आहे कशावरून. रस्ता रुंद झाला तेव्हा जेसीबीनं सगळे बांध मोडले. हाही कुणी अलीकडं पलीकडं केला असेल.

साहेबांनी मान डोलावली. कुसुमताईंच्या पदरात शेंदराचा ढीग होता. देव होता तोवर त्याला पुरावा लागत नव्हता.

सोपानराव फटफटी सोडून पुढं आले.

"दिग्या," ते म्हणाले, "दर दसऱ्याला ह्याला नारळ कोन फोडतं?"

"आपणच की, काका."

"मग ह्यो दगड हलवायची छाती कुनाची व्हती? तुझ्या जेसीबीवाल्यानं रस्त्याचा दगड ढकलला, मी माझ्या डोळ्यानं बघितला. हितं आला तवा मशीन बंद केलं, पाया पडला आन वळसा घालून गेला. रस्त्याचा हलला आसंल. ह्यो न्हाई हलला." मग साहेबांकडं वळून म्हणाले, "आमच्या आज्याच्या वक्ताचा हाय ह्यो. म्हातारीला इचारा वाटलं तर. वरच बसलीय."

सगळ्यांनी वर बघितलं. सातव्या मजल्यावरच्या बाल्कनीत म्हातारी खरंच उभी होती. तिनं हात वर केला आणि हवेत फुली काढली.

साहेबांनी तोंडी बोलण्यावर सोडलं नाही. फुलीवर काठी टेकवली, तिथून सोपानरावांच्या रानातल्या जुन्या विहिरीच्या कोपऱ्यापर्यंत अंतर घेतलं, नकाशाशी ताडून बघितलं. तंतोतंत जुळलं. मग रस्त्याच्या दगडापासून घेतलं, ते सहा फुटांनी चुकत होतं. दिग्विजयनं स्वतः नकाशात डोकावून बघितलं, मान खाजवली आणि बिल्डरच्या माणसाला म्हणाला, भिंतीची आखणी बदला राव.

नवी फक्की पडली. स्वयंपाकघराच्या भिंतीपासून हातभर बाहेरून रेघ गेली. ओटा अख्खा कुसुमताईंचा, गॅस त्यांचा, मोरी त्यांची. ज्योतीरामाच्या खांद्याला हात लावून त्यांनी सांगायला तोंड उघडलं, पण त्याला न सांगताच कळलं होतं. तो रेघेच्या कडेनं चालत चालत मोजून आला होता.

मात्र ती रेघ पुढं सरळ जाऊन धुण्याच्या दगडाच्या पलीकडं न जाता अलीकडून गेली होती. म्हणजे दगड सोपानरावांच्या हद्दीत, आणि कढीपत्ता अर्धा इकडं, अर्धा तिकडं. साहेब सामान आवरून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुसुमताईंनी पहार काढली. ज्योतीराम म्हणाला, "कोण म्हणलं काढ म्हणून?" भिंत तर अजून दोन महिने येत नाही, असंही म्हणाला. कुसुमताईंनी दगडाखाली पहार घातली. मग तोही बसला. धुण्याचा दगड चांगला जड. दोघं मिळून जेमतेम वीतभर सरकला.

सोपानराव फटफटीवरून चालले होते. थांबले. जरा वेळ बघत राहिले.

"आवं कुसुमताई, ऱ्हाऊ द्या की त्यो. मला काय त्याच्यावर धुनं धुवायचंय?"

"रेघेच्या तुमच्या बाजूला आहे तो, दादा."

सोपानरावांनी फटफटी स्टँडला लावली, टोपी काढून हँडलला अडकवली आणि पहारीचं दुसरं टोक धरलं. तिघांनी ढकलत ढकलत तो दगड रेघेच्या अलीकडं आणला. फक्की थोडी पुसली गेली, ती सोपानरावांनी पायानं सारखी केली. मग धापा टाकत त्याच दगडावर बसले आणि चहा मागितला.

चहा घेताना त्यांचं लक्ष कोपऱ्यात गेलं. उघडा दगड, तेलानं काळाभोर झालेला, आणि शेजारी पानावर कालचं फूल. पदरातला सगळा शेंदूर कुसुमताईंनी एका तांब्यात भरून त्याच्या पायथ्याशी ठेवला होता.

"परत लावनार का शेंदूर?" सोपानरावांनी विचारलं. "दसऱ्याला आमचा नारळ हाय म्हनून इचारतो."

"लावीन की," कुसुमताई म्हणाल्या. "फुली तेवढी सोडून."