डाळिंबाचं तोंड

दातवाल्यांचा संशय कुणावरही बसायचा, आणि एकदा बसला की जुन्या भाडेकरूसारखा हलायचं नाव घ्यायचा नाही. वर्तमानपत्राचा छापखाना शाईत काटकसर करतो, बल्बवाले मुद्दाम मंद बल्ब विकतात, शिंपी शर्टाची काजं दिवसेंदिवस लहान करत चाललाय, ही त्यांची त्या वर्षीची ठाम मतं होती. बायकोने एकदा नुसतं विचारलं, "अहो, डोळे दाखवून यायचे का एकदा?" तर ते ताटावरून उठले.

"अर्धं शहर माझ्या नजरेवर चावून खातंय," ते म्हणाले. "आणि मी डोळे दाखवू?"

बोलण्यात अगदीच तथ्य नव्हतं असं नाही. त्यांनी जन्मभर कवळ्या केल्या होत्या. दंतवैद्यांकडून साचे यायचे आणि हे दिव्याखाली बसून त्यातून असे दात काढायचे, की सासूची कवळी सुनेलासुद्धा ओळखू येऊ नये. त्यावरूनच त्यांचं नाव दातवाले पडलं, आणि निवृत्तीनंतरही चिकटून राहिलं. हत्यारंही राहिली. पूर्वी त्यांनी ते दात कोरायचे, आता बोन्साय कोरायचे.

गच्चीवर दहा-बारा कुंड्या होत्या, पण जीव होता तो डाळिंबात. हातभर उंचीचं झाड. खोड पिळलेल्या टॉवेलसारखं, अर्धं वाळून पांढरं पडलेलं, अर्धं जिवंत. इतक्या वर्षांत त्यांनी ते एकदाही प्रदर्शनात नेलं नव्हतं, कारण ते फळ धरत नव्हतं. या वर्षी धरलं. लिंबाएवढी तीन डाळिंबं लटकली आणि दातवाल्यांनी पहिल्या बक्षिसाची जागा भिंतीवर मनातल्या मनात मोजून ठेवली. या वर्षी नाही तर कधीच नाही, असं त्यांना आतून वाटत होतं. का वाटत होतं, याच्या खोलात ते शिरत नव्हते.

पहिलं बक्षीस दरवर्षी त्यांच्या साडूंकडे जायचं. साडू म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. त्यांचं तसबिरींना चौकटी करायचं दुकान होतं, अंगाला कायम व्हार्निशचा वास, आणि घरी एक पाइन, जो पाहून परीक्षक माना डोलवायचे. दोघांनी हा छंद एकत्रच सुरू केला होता. एकमेकांच्या कुंड्यांना पाणी घातलं होतं, एकमेकांच्या झाडांना नावं ठेवली होती. एकमेकांच्या घराची किल्लीही दोघांकडे असायची.

प्रदर्शन दोन आठवड्यांवर आलं आणि दातवाल्यांच्या मनात पाल चुकचुकली.

सकाळी पाणी घालताना त्यांनी डाळिंबाच्या डावीकडच्या खालच्या फांदीच्या टोकाशी बोट लावलं, आणि बोटाला तारेचं टोक लागलं नाही. फांदीला हवा तसा बाक यावा म्हणून तिच्यावर तांब्याची तार गुंडाळतात. फांदीने वळण धरलं की तार काढायची. उशीर केला तर फांदी जाड होते आणि तार सालीत रुतते, म्हणून तिच्यावर नजर ठेवावी लागते. दातवाल्यांची नजर होतीच. तार आपण शेवटच्या दिवशी काढायची, असं त्यांनी ठरवलं होतं. मग ती आत्ताच काढली कुणी?

"वाऱ्याने पडली असेल," बायको म्हणाली.

"तांब्याची तार. वाऱ्याने."

"मग मला काय माहीत?" असं म्हणून ती गॅसकडे वळली. गॅसवर काहीच नव्हतं, हे भांड्यांचा आवाज आला नाही त्यावरून त्यांना कळलं.

चार दिवसांनी एक फळ गेलं. तीनदा चाचपलं, तीनदा दोनच भरली. त्या दुपारी ते न्हाव्याकडे गेले होते. परत आले तर गच्चीवर हवा पडलेली आणि त्या पडलेल्या हवेत स्वच्छ व्हार्निशचा वास. खाली मोरीत दोन कप ओले. बायको फोनवर बोलत होती, तिने यांचा जिना चढतानाचा आवाज ऐकून फोन ठेवला.

"कुणाचा फोन?"

"ताईचा."

"साडूभाऊ आले होते?"

"नाही बाई," ती म्हणाली. ती खोटं बोलायला लागली की नवऱ्यालाही बाई म्हणायची, हे त्यांना लग्नापासून ठाऊक होतं.

त्या दिवसापासून दातवाले डोळ्यांत तेल घालून पहारा देऊ लागले. गच्चीच्या दारात त्यांनी घोट्याच्या उंचीवर काळा दोरा बांधला, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच त्यात अडकून झारीसकट आडवे झाले. दारापासून डाळिंबापर्यंत टाल्कम पावडर पसरली. पावडरीत कुणाचं पाऊल उमटलेलं त्यांना दिसेना. म्हणजे चोर पावलं पुसून जाण्याइतका बेरकी आहे, असा त्यांनी निष्कर्ष काढला. झाडाचं तोंड, म्हणजे बघणाऱ्याकडे करायची बाजू, कुणी फिरवू नये म्हणून कुंडीच्या पुढच्या काठाला त्यांनी खडूने खूण केली. सकाळी खूण सापडली नाही. बायकोने तिथेच बोट ठेवून दाखवली असती, पण तिला विचारायला ते तयार नव्हते. ती आता शत्रूच्या गोटात होती.

पुरावा मिळाला तो गच्चीतल्या पालापाचोळ्याच्या डब्यात. जुन्या वर्तमानपत्राची घट्ट पुडी. हाताला टोचली म्हणून उघडली, तर आत तारेचे तुकडे. नखाएवढे, बरेच. दातवाल्यांना इतका आनंद कित्येक महिन्यांत झाला नव्हता. त्यांनी ते कवळी ठेवायच्या एका डबीत भरले आणि डबी कोटाच्या खिशात टाकली. साडूंना घरी गाठून जाब विचारायचा नाही. चारचौघांत, रंगेहाथ नाही तर निदान तारेहाथ पकडायचं, असं त्यांनी ठरवलं. इतक्या वर्षांचा माणूस, पण पोटात एवढं जळत होतं, याचं त्यांना फार वाईट वाटलं. वाईट वाटलं तसं बरंही वाटलं. आपण उगाच संशय घेत नाही, हे सिद्ध होणार होतं.

प्रदर्शनाचा दिवस उजाडला. सभागृहात भिंतीकडेने टेबलं, त्यांवर करडं कापड आणि कापडावर पाट मांडलेले होते. लोक कुंड्यांना तेलाचा बोळा फिरवत होते, मातीवर शेवाळाचे तुकडे चिकटवत होते, चिमट्याने एकेक पिवळं पान काढत होते. आवाज फक्त पाणी फवारल्याचा. दातवाल्यांनी डाळिंब पाटावर ठेवलं, कुंडी पुसली आणि लगेच कोट चाचपला. त्यांचं लक्ष झाडात नव्हतंच.

मंडळाच्या अध्यक्षीणबाई शेजारून जाता जाता थबकल्या. त्यांनी डाळिंबाकडे पाहिलं, दातवाल्यांकडे पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं. पलीकडच्या टेबलाशी साडू पाइनच्या सुया झटकत होते, तेही ब्रश खाली ठेवून इकडे यायला निघाले.

"बाई," दातवाले मोठ्याने म्हणाले, "परवानगीशिवाय दुसऱ्याच्या झाडाला हात लावला तर मंडळाचा नियम काय आहे?"

"प्रदर्शनातून बाद आणि मंडळातूनही," बाई म्हणाल्या. "का? काय झालं?"

दातवाल्यांनी डबी काढून टेबलावर उघडली. "माझ्या डाळिंबाची तार. माझ्या घरात शिरून कापलेली. फळही तोडलंय. कुणी, ते यांना विचारा."

फवारे थांबले. बायको मागे पिशव्यांपाशी उभी होती, ती पुढे आली. "भावोजी, आता तरी सांगून टाका," ती म्हणाली. "मी सांगू?"

साडूंनी तिच्याकडे पाहून हलकेच 'नको' अशी मान हलवली. मग सभागृहभर नजर फिरवली. मंडळातले सगळेच होते तिथे. दातवाल्यांनी ज्यांच्या कवळ्या केल्या होत्या असेही तिघे-चौघे होते.

"मीच कापली," साडू म्हणाले. "फळही मीच तोडलं."

"पण का?" बाईंनी विचारलं.

"का म्हणजे? जळलो. डाळिंब पहिलं येणार हे दिसत होतं."

बाईंना ते पटलेलं दिसलं नाही, पण नियम त्यांनीच लिहिला होता. "मग पाइन उचला," त्या म्हणाल्या.

साडूंनी पाइन उचलला. वजन होतं, त्यांनी तो छातीशी धरला आणि कुणाकडे न बघता दाराकडे निघाले. दातवाल्यांनी किती दिवस याच क्षणाची वाट पाहिली होती, आणि आता तो आला तर त्यांच्या मनात पुन्हा पाल चुकचुकली. संशयी माणसाचा हा एक गुण. तो कबुलीवरही विश्वास ठेवत नाही.

एवढ्या सहज? साडूभाऊ? खेळात हरले तरी पत्ते पुन्हा मोजायला लावणारा माणूस? आणि तार चोरायची तर उलगडून ओढून काढायची, फांदी मोडली तर उत्तमच. असे नखाएवढे तुकडे करत कोण बसतं? प्रत्येक वेढा वेगळा कापायचा, म्हणजे सालीला धक्का लागू नये. झाडाचं वाटोळं करणारा सालीला जपेल कशाला?

त्यांनी डबीतला एक तुकडा उचलला. डोळ्यांपुढे धरला, तेव्हा काहीतरी तांबूस दिसलं, बस्स. मग त्यांनी डोळे मिटले आणि तुकड्याच्या आतल्या बाजूने नख फिरवलं. कवळीवर राहिलेला केसाएवढा खडबडीतपणा याच नखाने सापडायचा. तारेच्या आत कोरडं, दोरेदार काहीतरी घट्ट बसलं होतं. दुसरा तुकडा घेतला, त्यातही तेच. तिसऱ्यातही.

साल होती ती. तार फांदीत रुतली होती.

ते घाईघाईने डाळिंबाकडे वळले आणि डावीकडच्या खालच्या फांदीवर हात टाकला. तिथे फांदीच नव्हती. त्यांचा हात हवेत चाचपडत राहिला. मग उजवीकडे सापडली. फांदीभर एकामागून एक खोल चरे होते आणि प्रत्येक चऱ्यात जखमेवर लावायचा लेप बोटाने भरून गुळगुळीत केलेला होता, चौकटीच्या सांध्यात भरतात तसा. अजून थोडे दिवस तार राहिली असती तर फांदी गेली असती. दोन महिने ते रोज त्या फांदीकडे बघत होते.

"फळाला काय झालं होतं?" त्यांनी बायकोला विचारलं.

"भोक होतं हो. आत अळी होती. बाकीच्या दोघांत शिरली असती," ती म्हणाली. "मी काय करणार होते? तुम्हाला सांगायचं तर आधी ते सांगावं लागलं असतं."

ते म्हणजे काय, हे तिने तेव्हाही उच्चारलं नाही.

दातवाल्यांना शरम वाटली. आपल्या डोळ्यांची लाज झाकायला एक माणूस चारचौघांत चोर झाला होता आणि पाइन उचलून दारापर्यंत पोचला होता. बोलले नाहीत तर अजूनही सगळं झाकलेलं राहणार होतं. साडूंनी तसंच ठरवलं होतं.

"बाई, त्यांना थांबवा," दातवाले म्हणाले. आवाज मोठा आला नाही म्हणून पुन्हा म्हणाले, "साडूभाऊ, थांबा. बाई, तक्रार खोटी आहे. तार रुतली होती, यांनी काढली, झाड वाचवलं. मला दिसली नाही." त्यांनी डबी मिटली. "मला दिसतच नाही हल्ली. वर्तमानपत्रही दिसत नाही."

कवळीवाल्यांपैकी एकाने उगाच रुमाल काढला आणि पुन्हा खिशात ठेवला.

साडू परत आले. पाइन अजून छातीशी होता आणि चेहरा चांगलाच तापलेला होता. "हे मी कुठे ठेवू?" ते म्हणाले. "जागेवर, की अजून काही संशय शिल्लक आहे?"

"एक आहे," दातवाले म्हणाले. "डाळिंबाची डावी फांदी मला उजवीकडे लागली. तोंड भिंतीकडे झालंय का?"

"झालंय."

"आल्यापासून?"

"आल्यापासून. तेच सांगायला येत होतो. तुम्ही डबी काढलीत."

पहिल्या बक्षिसाच्या झाडाची पाठ सगळ्यांकडे करून आपण पाऊण तास ताठ मानेने उभे होतो, हे दातवाल्यांच्या लक्षात आलं. एरवी त्यांनी पाटावर, टेबलावर, कापडावर संशय घेतला असता. त्यांनी कुंडीच्या काठावरून बोट फिरवलं, खडूची खूण शोधायला, आणि मध्येच हात मागे घेतला.

साडूंनी पाइन जागेवर ठेवला. मग डाळिंबापाशी येऊन उभे राहिले, हात मागे बांधून. नियम त्यांनाही पाठ होता.

"लावा हात," दातवाले म्हणाले. "मी सांगतोय ना. लावा."