खरखरीत पाय

टेम्पोत चढवलेलं टेबल त्यानं खाली उतरवायला लावलं आणि खिशातला पॉलिश पेपर काढून स्वतःच कोपरा घासायला बसला. हमाल एकमेकांकडे बघू लागले. तेवढ्यात कारखान्याचे मालक आले.

"तुम्हाला हात चालवायला ठेवलंय की लक्ष ठेवायला?"

"कोपरा खरखरीत होता, साहेब."

"मग ज्याचं काम आहे त्याला सांगा. टेम्पो खोळंबलाय."

बावीस वर्षं लाकूड घासून, पॉलिश करून झाल्यावर आठ महिन्यांपूर्वी त्याला देखरेखीवर घेतलं होतं. पगार जवळजवळ दुप्पट. शर्टाला डाग नाही, नखं कशी लग्नाला निघाल्यासारखी स्वच्छ. नशीब काढलंस, सगळे म्हणाले. आणि हा मात्र दिवसभर दुसऱ्यांचे हात बघून जितका थकायचा, तितका लाकूड घासून कधी थकला नव्हता.

घरी जाताना त्यानं ठरवलं, जुनी जागा परत मागायची. बायकोला आजच सांगून टाकायचं.

दारातच त्याचा धीर गळाला. ती खुर्चीत पाय लांब करून खिडकीबाहेर बघत बसली होती. पॅकिंगच्या कामावर दहा-दहा तास उभं राहून तिच्या गुडघ्यांनी केव्हाच हात टेकले होते. याच पगाराच्या जोरावर तिनं ते काम सोडलं होतं. तो मागे फिरला, तर तिला पुन्हा उभं राहावं लागणार.

"तोंड का उतरलंय?"

"काही नाही गं. जरा बोलणी खाल्ली."

"परत हात लावलात ना कशाला तरी?"

तो नुसता हसला. जुन्या जागेचा विषय त्यानं काढलाच नाही.

"बरं, ते स्टूल बघा जरा. पाय खरखरीत झालाय, कपडे अडकतात."

"हे? अगं, हे तर मी स्वतः..."

त्यानं स्टूल उलटं करून पायावर बोटं फिरवली. ओरखडे होते खरे. सगळे सरळ, सगळे ताजे. खाली फरशीवर चिमूटभर भुसा सांडला होता. ओट्यावरच्या सुरीच्या टोकाला तपकिरी पॉलिश चिकटलं होतं.

त्याला भरून आलं. त्यानं वर पाहिलं, तर ती अजून खिडकीबाहेरच बघत होती.

"घाई नाही," ती म्हणाली. "सावकाश करा. हे झालं की कपाटालाही काहीतरी होईलच."