चषकावरची मोकळी जागा

शहराच्या फुटबॉल चषकावर विजेत्याचं नाव कोरण्याचं काम आधी वडिलांकडे होतं. ते गेल्यावर लेकीकडे आलं. दरवर्षी चषक दुकानात यायचा, ती एक नाव कोरायची, चषक परत जायचा. यंदा लाकडी बैठक बदलायची होती, म्हणून तिने चांदीच्या सगळ्या पट्ट्या सोडवून टेबलावर ओळीने मांडल्या आणि शहराचा खेळ पहिल्यांदाच सलग वाचून काढला.

सुरुवातीला बंदराचा क्लब. बंदरात गाळ साचला, जहाजं दुसरीकडे वळली आणि क्लबही पट्टीवरून उतरला. मग काच कारखान्याची सद्दी, नऊ वर्षांत सात चषक! मग ट्राम डेपो, वीज कंपनी, बँक. ज्याचा धंदा तेजीत, त्याचा गोलकीपर उंच. धंद्याने गाशा गुंडाळला की अकराच्या अकरा गडी गायब.

पण काच कारखान्याच्या शेवटच्या विजयानंतर एका पट्टीवर नुसतंच साल होतं. नाव नाही. खोडलेलंसुद्धा नाही. वडील तर असे, की एक अनुस्वार राहिला तरी भरल्या ताटावरून उठायचे. पाणी कुठेतरी मुरत होतं.

तिने समितीच्या सचिवांना फोन लावला. त्यांनी जुनं रजिस्टर चाळलं.

"ट्राम डेपो विजेता. विसरले असतील तुमचे वडील. आता कोरून टाका."

तिला काही ते पटेना. ट्राम डेपोचा तेव्हाचा कप्तान पुढच्याच गल्लीत सलून चालवायचा. आरशावर त्याच्या टीमचा फोटो होता. ती तडक तिथे गेली.

"काका, त्या वर्षी तुम्ही जिंकलात?"

गिऱ्हाइकाच्या कानापाशी कात्री थांबली.

"हरलो. दोन-एक."

गिऱ्हाईक गेल्यावर म्हातारा खुर्चीत बसला आणि बोलू लागला. फायनलच्या आठवड्यात काच कारखान्याची भट्टी कायमची विझली. मालकाने कामगारांना बजावलं, यापुढे कारखान्याच्या नावाने खेळायचं नाही. तरी अकरा जण मैदानात आले, नाव दिसू नये म्हणून शर्ट उलटे घालून. आले आणि जिंकले. दुसऱ्या दिवशी मालकाचं पत्र समितीला मिळालं. समिती म्हणाली, असा क्लबच आता नाही, चषक हरलेल्यांना द्या.

"मग तुम्ही घेतलात?"

"घेतला आणि थेट तुझ्या वडिलांकडे गेलो. म्हटलं, आमचं नाव कोरू नका, लाज वाटेल. ते म्हणाले, त्यांचं कोरायची मला मुभा नाही. म्हटलं, मग मोकळं ठेवा."

"आणि समितीच्या लक्षात नाही आलं?"

"चषक कोण वाचतं गं? फोटो काढतात आणि कपाटात ठेवतात."

तिला राहवेना. दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्याला घेऊनच ती सचिवांसमोर उभी राहिली. सगळं ऐकून सचिवांनी कपाळ चोळलं.

"कारखान्याचं नाव घालता येणार नाही. मालकाचे वारस आहेत, कोर्टात खेचतील."

"काका, मैदानावर लोक त्यांना काय म्हणायचे?" तिने विचारलं.

"बाटलीवाले. बाटल्या बनवायचे ना. आम्ही तर शिवीसारखंच म्हणायचो."

"झालं तर! या नावावर कुणाचा मालकी हक्क आहे?"

सचिव हसले, पण पेन काही उचलेनात. "आणि उद्या ट्राम डेपोने हरकत घेतली तर?"

"ट्राम डेपो म्हणजे आता मी एकटाच," म्हातारा म्हणाला. "बाकीचे दहा फोटोत आहेत. कागद द्या, लिहून देतो."

त्याने दोन ओळी लिहिल्या. सचिवांनी त्या दोनदा वाचल्या आणि खाली सही केली.

दुपारी ती कोरायला बसली. म्हातारा समोर स्टुलावर. तिने शेवटची मात्रा कोरली. मग त्याने पट्टीवर फुंकर घातली आणि अक्षरांवरून बोट फिरवलं.

"छान झालं. पण एक सांगून ठेवतो पोरी, दुसरा गोल ऑफसाइड होता."

"मग तेव्हा पंचांना का नाही सांगितलंत?"

"सांगितलं नाही? अख्खं मैदान रिकामं झालं तरी सांगत होतो!"

ती हसत सुटली. म्हातारा मात्र गंभीरपणे टेबलावरचे स्क्रू सरकवून कोण कुठे उभा होता ते दाखवू लागला.