तोंडावर सांगितलेले खरे

नंदुरबारच्या एका जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, सन छत्तीसच्या हंगामात घडलेली ही हकीकत. रूपचंद तिथे कारकून होता. माणूस पापभीरू, पण भित्राही तितकाच! मुकादम गिरधर यंत्रात कापूस घालणाऱ्या बायांना तुटक्या पट्ट्याने मारी. कुणी पाणी प्यायला उठली तरी मारी. रूपचंद हे खिडकीतून रोज पाही आणि मान खाली घालून हजेरी लिही. असे रूपचंद आपल्या कचेऱ्यांत काय थोडे आहेत, वाचकहो?

एके दुपारी धडगावकडच्या डोंगरातून कामाला आलेली कालीबाई त्याच्याकडे आली. पाठीवर वळ उठले होते.

"भाऊ, आते मी काय करू?"

"सरळ मॅनेजरसाहेबांना सांग. खऱ्याला भीती कसली?" रूपचंद म्हणाला. फुकटचा उपदेश करायला त्याचे काय जात होते!

डोंगरातल्या पंचाची रीत अशी, की गाऱ्हाणे ज्याच्यावर आहे त्याला समोर बसवायचे, पाहणाऱ्यांची नावे घ्यायची आणि मग बोलायचे. पाठीमागे बोलणे म्हणजे चहाडी. कालीबाईने तेच केले. गिरधरला स्वतः हाक मारून आणले आणि त्याच्यादेखत मॅनेजरला सगळे सांगितले.

"रमिलाबाईनी देखं, तिनी जाऊनी बी देखं. आनि ह्या रूपचंदभाऊनी बी देखं शे. सांग ना, भाऊ!"

मॅनेजरने चष्म्यावरून पाहिले. "काय रे, रूपचंद?"

रूपचंदने हजेरीच्या वहीत मान घातली. "माझं... लक्ष नव्हतं, साहेब."

दुसऱ्या दिवशी कालीबाईला आणि तिने नावे घेतलेल्या दोघी कामकरणींना फाटकातूनच परत पाठवले. रमिलाबाई आणि तिची जाऊ रडत घरी गेल्या. कालीबाई रडली नाही, भांडलीही नाही. बोचके डोक्यावर घेऊन तिने डोंगराची वाट धरली.

रूपचंदने त्या रात्री ताट तसेच सारले. त्याच्या आईने, जतनबाईने, खोदून खोदून सगळे काढून घेतले.

"अरे करंट्या!" ती कडाडली. "बिचारीला एकटीला पुढे ढकललंस आणि आपण शेपूट घातलंस?"

"पण मां, ती खरंच बोलली ना?"

"तिच्या गावात पंच दोघांचं ऐकतात. तुमच्या जिनात पंच कोण? मुकादमाचाच धनी! तिला ते ठाऊक नव्हतं, तुला होतं. खरं बोलावंच, पण उघड्यावर एकट्यानं कशाला? कोणत्या दिवशी मारलं, कुणी पाहिलं, सगळं कागदावर घे. दहाजणींचे अंगठे घे. अर्ज जिनात देऊ नकोस, रजिस्टर टपालानं सरकारी तपासनीसाकडे धाड. नक्कल आणि पावती माझ्या पेटीत ठेव. आणि ऐक, सगळ्यात वर सही तुझी!"

त्याने अर्ज लिहिला आणि सगळ्यात वर सही केली. रमिलाबाईने घरोघर फिरून अकरा जणींचे अंगठे मिळवले.

महिन्याभराने तपासनीस न कळवता आला. त्याने एकेकीला वेगळे बसवून विचारले. गिरधरचे काम गेले! मॅनेजर रूपचंदवर दात खाऊन राहिला, पण अर्जाची नक्कल बाहेर आहे म्हटल्यावर त्याला हात लावता येईना. रमिलाबाई आणि तिची जाऊ कामावर परत आल्या.

रूपचंद कालीबाईला आणायला तिच्या गावी गेला. तिने खाट टाकली, पाणी दिले, सगळे ऐकून घेतले.

"गिरधर गया, बेस झायं," ती म्हणाली. "पन मी नही येवाव. पट्टाना वळ बुजी गयात, भाऊ. त्या दिन तू गप बसना, ते अजून दुखस."

रूपचंदने हात जोडले आणि उठला. घाट उतरताना त्याचे डोळे वाहत होते.

बंधुभगिनींनो, अन्याय झाला तर सांगाच. पण पुरावा राखून सांगा, चारजण सोबत घेऊन सांगा, योग्य माणसालाच सांगा. आणि दुसऱ्याला "धीट हो" म्हणण्याआधी त्याच्या शेजारी जाऊन उभे राहा. रूपचंदला हे कळले, पण कालीबाईची रोजी गेल्यावर कळले.