दुधारीचा खांदा

दाढ देखणी होती, चढउतार जिथल्या तिथे, रंगही जुळवलेला, आणि तरीही ती चुकीची होती — चिमट्यात धरून त्याने ती दिव्याखाली पुन्हा एकदा फिरवली, सावकाश, कारण दुसऱ्याची ढोबळ चूक अशी हातात धरून बघायला मिळणं ही दिवसाची चांगलीच सुरुवात होती. डॉक्टरच्या चिठ्ठीवर स्पष्ट लिहिलं होतं, खालची, उजवी. आणि पॉलिशने केली होती डावी. पॉलिश म्हणजे दातांच्या या प्रयोगशाळेतला शेजारच्या टेबलावरचा तो, आठ वर्षं कृत्रिम दातांना चकाकी देत बसलेला आणि हल्ली मालकाच्या कृपेने दात घडवायलाही लागलेला.

"तुझा उजवा हात कुठला रे?" त्याने विचारलं.

पॉलिशने खरंच हात वर केला.

"शाबास. त्या बाजूची दाढ हवी होती."

"साचा समोर ठेवला की उलटं दिसतं हो, साहेब..."

"उलटं दिसतं म्हणूनच चिठ्ठीवर लिहून देतात. वाचायला येतं ना?"

पॉलिशचे कान लाल झाले. दाढ घेऊन तो आपल्या टेबलाशी गेला. बावीस वर्षं — बावीस वर्षांत माझी एकही दाढ चुकीच्या बाजूची गेली नाही, हे कुणी भिंतीवर लिहून ठेवणार नव्हतं, पण खरं होतं. आणि आता ज्यांना आपला हात ओळखायला क्षणभर विचार करावा लागतो ते लोकांच्या तोंडात काय बसवायचं ते ठरवणार. नाचता येईना अंगण वाकडं, म्हणे साचा उलटा दिसतो! त्याने ब्रश पाण्यात बुडवला आणि जेवणाच्या सुट्टीला किती वेळ उरलाय ते बघितलं.

सुट्टीची वाट तो डब्यासाठी बघत नसे. बॅगेत लॅपटॉप होता आणि लॅपटॉपमध्ये दुधारी होता. बेसबॉलचा संघ चालवायचा खेळ, आणि दुधारी त्यातला त्याचा लाडका खेळाडू. प्रत्यक्ष बेसबॉल त्याने आयुष्यात कधी पाहिला नव्हता आणि पाहायची इच्छाही नव्हती, मैदानावरच्या धुळीत आणि आरडाओरड्यात त्याला काय करायचं होतं? इथे सगळं आकड्यांत होतं, स्वच्छ. खेळाडू घ्यायचे, घडवायचे, कुणाला कधी उतरवायचं ते ठरवायचं आणि बटण दाबून दिवस पुढे ढकलायचे. बायको याला उंटावरून शेळ्या हाकणं म्हणायची. म्हणू दे... उंटावरूनच कळप नीट दिसतो.

या खेळात एक तर चेंडू टाकणारे असतात, नाहीतर चेंडू टोलवणारे. दोन्ही करणारा हजारात एखादा. दुधारी सतरा वर्षांचा पोरगेला असताना त्याने संघात घेतला होता, दोन्ही कलांत जेमतेम, आणि इंटरनेटवरच्या जाणकारांनी — दिवसभर एकमेकांना शहाणपण शिकवत बसणारी ती जमात — एकमुखाने सांगितलं होतं, एकच धरा, दोन्ही शिकवाल तर दोन्ही कच्चं राहील. म्हणजे तेच, एक ना धड भाराभर चिंध्या. त्याचे स्वतःचे वडील याच सुरात बोलायचे. शाळेत असताना तो चित्रं काढायचा आणि लांब उडीत जिल्ह्यापर्यंत गेला होता; वडिलांनी सांगितलं एकच काय ते धर, याने हट्टाने दोन्ही धरलं, तर त्यांनी आधी बूट आणणं बंद केलं आणि मग रंग. आता तो दातांना रंग देत होता. अशा माणसांचं ऐकायचं? दुधारीला त्याने नऊ हंगाम दोन्ही शिकवलं, एकेक आकडा वर चढवत, टाकायला उजव्या हाताने, टोलवायला डावीकडून, आणि गेल्या वर्षी साऱ्या जाणकारांची तोंडं बंद झाली.

घरीही तेच. मुलगी पंधरा वर्षांची. पहाटे तलावात, संध्याकाळी व्हायोलिन. तलावावरचा मास्तर, ज्याला घरात सगळे शिट्टी म्हणत, त्याचं म्हणणं, पोहण्यात हिला भवितव्य आहे, ते वाजवणं सोडवा. व्हायोलिनच्या बाईंचं म्हणणं, पाण्याने मनगट जड होतं. दोघांनाही आपापल्या डबक्यापलीकडे काही दिसत नाही. 'ती दोन्ही करणार,' असं त्याने दोघांना सांगितलं होतं, एकाच स्वरात, आणि दोघांचे चेहरे सारखेच पडले होते, ते आठवून अजूनही बरं वाटायचं. मुलगी तेव्हा शेजारी उभी होती. ती काही बोलली नव्हती. बोलायचं काय त्यात?

सुट्टी झाली. डब्याचं झाकण न उघडता त्याने लॅपटॉप उघडला. काल संध्याकाळी त्याने हंगाम दोन महिने पुढे ढकलून ठेवला होता, आकडे बघायचं सुख आजच्यासाठी राखून. दुधारीच्या नावावर त्याने बोट ठेवलं आणि...

टोलवण्याचा रकाना रिकामा होता.

एक सामनाही नाही. दोन महिन्यांत दुधारीने बॅट हातात धरली नव्हती.

कळायला फार वेळ लागला नाही. काल दुधारीच्या खांद्याचा थकवा एकाहत्तर दिसला होता — पासष्टच्या वर धोका — म्हणून त्याने त्याला तीन आठवडे विश्रांतीच्या यादीत टाकलं, मग तेवढे दिवस ढकलून परत आणलं. आणि विश्रांतीहून आलेला असा दोन्ही करणारा खेळाडू आपोआप एकाच यादीत परततो, टाकणाऱ्यांच्या. टोलवणाऱ्यांच्या यादीत त्याला हाताने घालावं लागतं. हे शेंबडं पोरही जाणतं. नवशिक्यांच्या याच चुकीवर त्याने स्वतः इंटरनेटवर लांबलचक खिल्ली उडवली होती. आणि मागे जायची सोय नव्हती, कारण खेळाची जुनी प्रत तो ठेवतच नसे. मागे जाऊन चूक पुसणारे भेकड, असं त्याचं मत होतं, जाहीर मत. नऊ हंगामांनी चढवलेले टोलवण्याचे आकडे दोन महिन्यांच्या गंजाने निम्म्यावर आले होते.

मग त्याने दुसरा रकाना बघितला.

दुधारी चेंडू टाकत होता, नुसता टाकत होता, आणि आयुष्यात टाकला नव्हता असा टाकत होता. अकरा सामने, अकरा विजय. थकवा चौदा. नावापुढे जो छोटासा चेहरा असतो, खेळाडूच्या मनःस्थितीचा, तो नऊ हंगाम सरळ ओठांचा होता, आणि त्याला वाटायचं दुधारी गंभीर स्वभावाचा आहे... तो चेहरा हसत होता.

कृतघ्न, असं त्याच्या मनात आलं. ज्याच्यासाठी मी साऱ्या जगाशी भांडलो तो माझं लक्ष नसताना सुखात होता. त्याने लॅपटॉप मिटला, पुन्हा उघडला. चेहरा हसतच होता. नऊ हंगाम त्याला मी काही विचारलं नाही, पण विचारायचं कुणाला, आकड्यांना? मूर्खपणा. पलीकडे पॉलिश डबा खाता खाता नवी दाढ घडवत होता, चिठ्ठी समोर टेकवून, ओठ हलवत पुन्हा पुन्हा वाचत.

चूक झाली कशी? तो चुकत नसे. त्याने कालची संध्याकाळ उलगडायला घेतली — खुर्ची, चहा, पडद्यावर एकाहत्तर, आणि तेवढ्यात दारात मुलगी. हो. नुकतीच न्हालेली, केस ओले होते. 'बाबा, खांदा फार दुखतोय,' ती म्हणाली होती, आणि तो म्हणाला होता, 'एक मिनिट गं, याला आधी विश्रांती देऊ दे.' मग त्याने तीन आठवडे दिले, दुधारीला परत आणलं, दाराकडे बघितलं तर दार रिकामं होतं, आणि त्याने दोन महिन्यांचं बटण दाबलं.

फोन वाजला. बायको.

"अहो, डॉक्टरांची साडेपाचची वेळ मिळाली. शिट्टीने आज हिला पाण्यात उतरूच दिलं नाही. हात वर जात नाहीये पोरीचा."

"शिट्टीला काय कळतंय?"

"त्याला दिसलं तरी. महिनाभर सांगतेय ती. तुम्हाला दोनदा सांगितलं म्हणाली."

त्याने लॅपटॉपचं झाकण अर्धं खाली केलं.

"तुमच्या फोनवर दवाखान्याचा फॉर्म पाठवलाय, तेवढा भरून टाका. मी तिला शाळेतून आणायला निघतेय, आता फोन घेणार नाही. भराल ना?"

"भरतो."

नाव. वय, पंधरा. उंची... अंदाजे. तक्रार, खांदेदुखी. त्याखाली दोन गोल होते, एकापुढे डावा, दुसऱ्यापुढे उजवा, एकावर खूण करा.

अंगठा काचेवर येऊन थांबला.

व्हायोलिन डाव्या खांद्यावर धरतात, म्हणजे डावा. पण गज उजव्या हातात असतो, दिवसाचे तीन तास. आणि पोहताना तर दोन्ही... ती लिहिते उजव्या हाताने. उजव्याच ना? दुधारीचं कुणी झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं, टाकायला उजवा, टोलवायला डावीकडून. त्याने डोळे मिटले आणि दार आठवलं. ओले केस आठवले, निळा टॉवेल आठवला, एक हात दुसऱ्या खांद्यावर दाबून धरलेला हेही आठवलं, पण कुठला कुठल्यावर ते काही केल्या दिसेना, कारण त्याने तिकडे नीट बघितलंच नव्हतं. मान वळवली होती तेवढी, डोळे पडद्यावरच होते. लाज वाटली. लाजेला दुसरं नाव देता येतंय का, हेही त्याने बघून घेतलं.

बायको फोन उचलणार नव्हती. आणि उचलला असता तरी काय विचारणार होतो मी?

"साहेब," पॉलिश समोर उभा होता, तळहातावर दाढ घेऊन. "उजवी. तीनदा बघितलं. तुम्ही एकदा बघता?"

त्याने दाढ घेतली. दिव्याखाली धरली. ती उजवीच असणार, पण आपण सांगू ते बरोबरच असेल असं त्याला वाटेना, आणि ते न वाटणं इतकं नवं होतं की तो दाढेकडे नुसताच बघत राहिला. टेबलावर फोनची काच काळी झाली; त्याने बोट लावून ती पुन्हा उजळवली. दोन्ही गोल रिकामेच होते. काल ती दारात उभी होती तेव्हा दुधारीचा थकवा एकाहत्तर होता. तो आकडा त्याला पक्का आठवत होता.