डाव्या डोळ्याखालचा डाग

नवऱ्याने डिस्क टेबलावर ठेवली आणि बूट घालता घालता म्हणाला, "आपल्या जुन्या प्लेयरवर चालते का, एवढं बघून ठेव. मध्येच अडकली नाही म्हणजे झालं."

एवढं बघून ठेव. तपास, असं नाही म्हणाला. तपासायला आता घार आहे.

घार म्हणजे माझ्या जागी आलेली मुलगी. युरोपातले कुणाला फारसे ठाऊक नसलेले जुने भयपट मिळवायचे, रिळांवरची धूळ-ओरखडे काढायचे आणि शौकिनांसाठी डिस्कवर आणायचे, हा नवऱ्याच्या चार माणसांच्या ऑफिसचा धंदा. त्यातली चौथी मी होते. एकेक फ्रेम थांबवून डाग हुडकायचे आणि वहीत नोंदवायचे, हे माझं काम. हिची नजर घारीची, असं नवरा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. मग लेक झाली, मी घरी बसले आणि सात महिन्यांत नजरही दुसरीची झाली, नावही. जेवताना घारीने आज अमकं पकडलं, घारीने तमकं पकडलं. मी लेकीला भरवत ऐकायची आणि चमचा जरा जोरात आपटायची.

दुपारी लेक खांद्यावर झोपली तेव्हा आवाज बंद करून सिनेमा लावला. गोष्ट जुळ्या बहिणींची. एक तळ्यात बुडून मेलेली, दुसरी जिवंत. दोघींत फरक एकच, मेलेलीच्या डाव्या डोळ्याखाली तीळ. पहिल्या रिळात आई तो चिखल समजून, आपल्याकडे पदर ओला करतात तसा रुमाल ओला करून पुसू बघते. पुढे तिसऱ्या रिळात विहिरीपाशी पाठमोरी बाई उभी असते. बाप जिवंत लेकीच्या नावाने हाक मारतो आणि ती वळते. तिथे तीळ दिसला की अंगावर काटा यायला हवा.

ती वळली. गाल धुतलेल्या बशीसारखा स्वच्छ. भीती गेली कुठल्या कुठे, एक बाई वळून बघते एवढंच उरलं. मी मागे नेऊन चारदा पाहिलं. घारीने तीळ धूळ म्हणून पुसला होता.

खोटं कशाला सांगू, काळजाला गार वाटलं. असल्या डिस्क घेणारे लोक केसाचा हिशेब मागणारे, आठ दिवसांत बोंब झाली असती. उद्या सकाळी डिस्क प्रती काढायला जाणार होती. मला फक्त गप्प बसायचं होतं. तेवढ्यात नवऱ्याचा फोन आलाच, चालते ना म्हणून. मी म्हटलं, चालते. अडकत तर कुठेच नव्हती.

तासाभराने डिस्क न्यायला घार स्वतःच आली. इतके दिवस मनात जी रंगवली होती तिच्यातलं काहीच हिच्यात नव्हतं. नखं कुरतडलेली, डोळ्यांखाली काळं, पिशवीचा बंद पिनेने अडकवलेला. मला वहिनी म्हणाली. ताई म्हणाली असती तर त्या ऑफिसातली तरी राहिले असते.

पाणी प्यायली तरी निघेना. मग पिशवीतून एक वही काढली. माझी वही.

"वहिनी, एक विचारू? सरांना विचारलं तर म्हणतात, तिच्या नोंदीवर शंका घ्यायची नाही."

पान तिने आधीच दुमडून ठेवलं होतं. तिसरं रीळ, विहीर, डाव्या डोळ्याखाली डाग, काढणे. अक्षर माझं. 'काढणे'खाली दोन रेघा, त्याही माझ्याच.

तिसऱ्या रिळाचा डबा आम्हाला सगळ्यांत आधी मिळाला होता. पहिलं रीळ चार महिन्यांनी दुसऱ्याच कुणाच्या तळघरात सापडलं, तोवर मी दवाखान्याच्या फेऱ्यांत. त्या तिळाची गोष्ट मला ठाऊकच नव्हती. नुसता डाग बघितला आणि निकाल लावला.

"मला तो तीळ वाटत होता," ती म्हणाली. "पण सरांचं रोज चालू असतं, तिला हे दिसलं असतं, तिने ते सोडलं नसतं. कान किटले माझे. मग म्हटलं, आपलीच नजर कच्ची असेल."

म्हणजे घरी जेवताना तिचं कौतुक आणि तिथे कामावर माझं. एकीच्या पाठीत दुसरीची काठी.

डागच आहे, असं म्हटलं असतं तर तिने मान डोलावली असती आणि गेली असती. ओठांवर आलंही होतं. ती नखं कुरतडत माझ्या तोंडाकडे बघत होती.

"तीळच आहे," मी म्हटलं. "नोंद चुकली."

"कुणाची?"

"वाचता येतं ना? माझी."

तिच्यादेखतच नवऱ्याला फोन लावला. प्रती थांबव, विहिरीचा तेवढा तुकडा साफ न केलेल्या फिल्मवरून परत घ्या, नोंद माझी चुकली होती, हे एका दमात सांगितलं. तो म्हणाला, "घारीने पकडलं वाटतं?"

मीही पकडलं होतं. तिने वही उघडण्याआधी, झोपलेलं पोर खांद्यावर घेऊन, आवाज बंद असताना. जीभ नुसती शिवशिवत होती. पण मग तासापूर्वी 'चालते' का म्हणालीस, हे त्याने विचारलंच असतं.

"हो," मी म्हटलं. "तिनेच."